दुधानंतरची फेरी

आमची गाडी शिकवणीची होती. टपावर लाल अक्षरांची पाटी आणि आत दोन माणसांची पेडल. उजवीकडे शिकणाऱ्याला तीन, डावीकडे शिकवणाऱ्याला दोन, एक क्लच आणि एक ब्रेक. डावीकडचा ब्रेक दाबला, की उजवीकडच्याने इंजिन कितीही रडवलं तरी गाडी तसूभर हलत नसे.

मास्तर म्हणजे माझे यजमान. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा, मीही म्हणायची, ते लग्नानंतरही सुटलं नाही. मी त्यांच्याकडेच गाडी शिकले. पहिल्या दिवशी मी गाडी थेट भाजीच्या हातगाडीकडे नेली, तेव्हा त्यांनी शांतपणे डावा ब्रेक दाबला आणि म्हणाले, "आधी रस्ता बघा बाई, भाजी येताना घेऊ." तीन महिने माझी प्रत्येक चूक त्यांच्या पायाने सावरली. परवाना मिळाला, लग्न झालं आणि परवाना कपाटात गेला. डावीकडे त्यांचा पाय नसताना मी एकटीने गाडी कधी चालवलीच नाही.

घर तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत क्लास. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, टेबलावर खडूने आखलेला चौक आणि त्यात खेळण्यातल्या चार मोटारी. मधल्या खोलीत वन्संचं शिवणयंत्र. वन्सं म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहीण. तरुणपणीच एकट्या पडल्या होत्या, शाळांचे गणवेश शिवायच्या, आणि त्यांच्या कात्रीपेक्षा त्यांची जीभ जास्त धारदार. मागच्या खोलीत आम्ही दोघं, आणि मग आमची मुलगी. जन्मली तेव्हा इतकीशी होती की वन्संनी दुपट्यात डोकावून म्हटलं, "ही मुलगी आहे का मुंगी?" झालं. मुंगी ती मुंगीच राहिली.

मुंगी दूध नीट प्यायची. पंचाईत व्हायची ती प्यायल्यानंतर. उभं धरा, पाठ थोपटा, ढेकर काढा, सगळं करून झालं की पाचव्या मिनिटाला ती अंगाचं धनुष्य करून किंचाळायची. निम्मं दूध माझ्या खांद्यावर यायचं. दुपारी तर शेजारचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. मी रात्रीची जागलेली, केस विंचरायला सवड नाही, डोळ्यांखाली काळं. वन्सं म्हणायच्या, "अगं, आरशासमोर जाऊ नकोस, घाबरशील."

ती दीड महिन्याची असताना एकदा दवाखान्यातून येताना मी तिला गाडीतच पाजलं. मास्तरांनी गाडी सुरू केली. पहिल्या वळणाला मुंगी गप्प झाली, दुसऱ्या वळणाला झोपली. घरासमोर गाडी थांबली तरी आम्ही दोघं श्वास रोखून बसून राहिलो.

"हिला गिअर बदललेला आवडतो," मास्तर कुजबुजले.

"मग तुम्ही नोकरीच बदला. हिच्याकडे ड्रायव्हर म्हणून राहा."

तसंच झालं. दुपारी दोन ते साडेतीन शिकवणी नसायची. दीडला मी पाजायची, मग मास्तर वेताची टोपली मागच्या सीटवर ठेवून दोन पट्ट्यांनी आवळायचे, मुंगीला आत ठेवायचे आणि निघायचे. बाजाराचा रस्ता, पाण्याची टाकी, टाकीपासून बंद पडलेल्या कागद गिरणीच्या भिंतीकडेचा सरळ रस्ता, शेवटी वळून परत. तो रस्ता मला ठाऊक होता, शिकाऊंना सरळ चालवायला तिथेच नेत. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गवत, मधे कुणी चिटपाखरू नाही. गिरणी बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाला गंज.

पहिल्या दुपारी मी जी झोपले ती वन्संनी हलवून उठवलं तेव्हा उठले. साडेतीन वाजले होते. मास्तर टोपली घेऊन दारात उभे, मुंगी गाढ झोपलेली, गाल लालसर. मला वाटलं, देव असेल तर तो या गाडीच्या इंजिनात आहे.

आठ-दहा दिवस सुखाचे गेले. मग मला एक गोष्ट खटकायला लागली. फेरीवरून आली की मुंगी चार-सव्वाचारला दूध मागायची, ते मागेनाशी झाली. सहा वाजायचे, सात वाजायचे. माझी छाती दाटून दगड व्हायची, पदर भिजायचा, आणि ही टोपलीत हातपाय हलवत मजेत. मी तिला घ्यायची, तर ती तोंड फिरवायची. लाडाने नाही. पोट भरलेल्या माणसाला आग्रह केल्यावर तो फिरवतो तसं.

एकदा मी तिच्या तोंडाजवळ नाक नेलं. तान्ह्या पोराच्या तोंडाला दुधाचा वास येणारच, त्यात काय नवल? पण आपल्या दुधाचा वास आईला कळतो. रात्रंदिवस तोच अंगाला असतो. हा वास माझा नव्हता. जरा उग्र होता, आणि त्याला भिजलेल्या कागदासारखा काहीतरी वास होता.

महिन्याला वजन करायला नर्सबाई घरी यायच्या. मोठ्या हसऱ्या बाई, झोळीचा वजनकाटा खांद्याला लावून सायकलवरून हिंडायच्या. त्यांनी मुंगीला झोळीत घातलं, काट्याकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"अगो बाई! मुंगी कुठली, ही तर मुंगळा झाली. काय खातेस काय तू?"

"नर्सबाई, मी हिला दिवसातून तीनदाच पाजते. पुढे घेतच नाही ती."

"मग काय हवा खाऊन वाढतेय?" त्या हसल्या. माझं तोंड बघून थांबल्या. माझी छाती तपासली, गाठी चेपून बघितल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, बाळ जितकं ओढतं तितकंच दूध बनतं. हिने ओढणं सोडलं तर तुझं आटेल. एकदा आटलं की परत आणणं फार कठीण. आणि एवढ्याशा पोटाला वरचं दूध अजून झेपायचं नाही. जप."

त्या गेल्यावर वन्संचं यंत्र थांबलं.

"माझ्या भावाबद्दल मी काही वाईट बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण अकरा-बारा मैलांच्या फेरीला दीड तास लागतो कसा, ते मला शिंपिणीला कळत नाही."

मास्तरांची एक वही गाडीत असायची. प्रत्येक शिकवणीला निघताना आणि परतल्यावर मीटरवरचा आकडा नि वेळ लिहायची, ही त्यांची शिस्त. मुंगीच्या फेऱ्यासुद्धा त्यांनी लिहिल्या होत्या, नावाच्या जागी 'मुंगी'. मी वही उघडली. रोज अठरा किलोमीटर. रोज दोनला बाहेर, साडेतीनला परत. अठरा किलोमीटरला रमतगमत गेलं तरी चाळीस मिनिटं. उरलेली पन्नास कुठे गेली?

त्या संध्याकाळी मी विचारलं. सरळच विचारलं.

"कुणाकडे नेता तिला?"

"कुणाकडे म्हणजे?"

"कोण पाजतं माझ्या मुलीला?"

मी मुस्काटात मारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग ते चिडले. मग खुर्चीत बसले. "मी कुठेही थांबत नाही गं," ते म्हणाले. "गाडी चालवतो. ती झोपते. मग टाकीचं वळण येतं आणि घर. एवढंच."

"आणि मधे?"

"मधे काय?"

"गिरणीच्या रस्त्यावर?"

ते बराच वेळ टेबलावरची खेळण्यातली मोटार पुढे-मागे ढकलत राहिले. "तिथलं मला काही आठवत नाही," शेवटी म्हणाले. "सरळ रस्ता आहे, काय आठवायचं?"

ते खोटं बोलत नव्हते. हा माणूस खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. कान लाल नव्हते, तर ओठ पांढरे होते.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. मुंगीला मांडीवर घेऊन डावीकडच्या सीटवर बसले. गिरणीच्या भिंतीपाशी येईपर्यंत ती चुळबुळत होती, फाटक दिसलं तशी तिने टाहो फोडला. वाकडी होऊन, मूठ माझ्या छातीवर आपटत, निळी पडेपर्यंत. गाडी फाटकासमोरून गेली, कुठे थांबली नाही. चाळीस मिनिटांत आम्ही घरी. घरी येऊन ती तासभर रडली, आणि मग नाइलाजाने केल्यासारखं माझं दूध प्यायली. माझ्याकडे न बघता.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. रोज ती सीट रिकामी असते, आज मी तिच्यावर बसले होते.

तिसऱ्या दिवशी दीडच्या सुमाराला मास्तरांकडे दोघेजण रस्त्यावरच्या खुणांची तोंडी परीक्षा द्यायला आले. मी मुंगीला पाजलं, म्हणजे पाजायचा प्रयत्न केला, टोपली मागे बांधली आणि गाडी सुरू केली. दोन वर्षांनी. वन्सं खिडकीतून ओरडल्या, "अगं, तुला येते का चालवता?" मी म्हटलं, "आता कळेल."

बाजारात गाडी दोनदा बंद पडली. टाकी आली, वळण आलं, भिंत सुरू झाली. मी तिसऱ्या गिअरमध्ये होते. मागे मुंगी एकदम गप्प झाली, आणि त्याच क्षणी मला झोप यायला लागली. थकव्याची नव्हे. गरम पाण्याने न्हाऊ-माखू घातल्यावर लहानपणी यायची तशी. पापण्या मिटल्यासुद्धा असत्या. पण साकळलेलं दूध छातीत ठणकत होतं, आणि गाडीच्या प्रत्येक खड्ड्याला कळ डोक्यापर्यंत जात होती. त्या कळेने मला जागं ठेवलं.

फाटक दिसलं. डावीकडचा क्लच खाली गेला.

मी बघत होते. आधी क्लच, मग ब्रेक, अगदी हलके, कुणी झोपलेलं उठू नये अशा बेताने. गाडी फाटकासमोर येऊन थांबली. डाव्या दाराची मूठ खट्‌कन वाजली. दार उघडलं नाही. सीट मात्र दबली. त्या सीटची एक स्प्रिंग सैल होती, मास्तर बसले की ती कुरकुरायची. ती कुरकुरली.

आणि मला मास्तरांची चूक कळली. बारा वर्षं ज्या गाडीत आपल्याखेरीज दुसऱ्याचाही पाय ब्रेकवर असतो, तिच्यात बसणाऱ्याला आपण न दाबता गाडी थांबली याचं नवल वाटणारच नाही. दुसऱ्या कुणी पहिल्याच दिवशी उडी मारून पळ काढला असता. ते निवांत झोपी जात होते.

मी समोरच्या आरशात बघितलं. टोपलीत मुंगीचं तोंड वर होतं, डोळे अर्धे मिटलेले. गाल आत जात होते, बाहेर येत होते. हनुवटी हलत होती. घोट घशाखाली उतरल्याचा आवाज येत होता, एक, मग एक, मग एक. तिच्या तोंडाशी काही नव्हतं. ओठांच्या कडेने एक पांढरा ओघळ कानापर्यंत आला होता.

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, गाडी थरथरली, जागची हलली नाही. शेवटी मी इंजिन बंद केलं, खाली उतरले, मागचं दार उघडून मुंगीला उचललं आणि चालायला लागले. गाडी तशीच टाकून. मागे वळून बघितलं नाही, पण पाऊण तास मुंगी माझ्या खांद्यावरून मागे बघत किंचाळत होती.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. मास्तर कुणाची तरी सायकल मागून गाडी आणायला गेले. वन्सं मात्र खाली बसल्या.

"फाटकाशी थांबली?"

"हो."

"गिरणीत बायका कामाला असायच्या," वन्सं म्हणाल्या. "दुपारी दोनला भोंगा व्हायचा. घरच्यांनी तान्ही पोरं त्या फाटकाशी आणायची, बायकांनी बाहेर येऊन पाजायचं आणि परत आत जायचं. मी माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण नेलीय कितीदा. फाटकाशी बायकांची रांग असायची. पोर कुणाचं का असेना, रडलं तर जवळची बाई घ्यायची. तिथे कुणी बघत नसे ते कुणाचं."

"आम्ही रोज दोनच्या पुढे तिथे तान्हं मूल नेत होतो," मी म्हटलं.

"हो ना," वन्सं म्हणाल्या. "नेऊन उभं केलंत तुम्ही."

त्या दिवसापासून मुंगीने माझं दूध तोंडात धरलं नाही. संध्याकाळी नाही, रात्री नाही, सकाळी नाही. मी दूध पिळून चमच्याने घातलं, ते तिने जिभेने बाहेर ढकललं. वाटीतलं दूधही कमी कमी होत गेलं. दुसऱ्या दिवशी तिचं रडणं बारीक झालं. टाळू खोल गेली. नर्सबाईंना बोलावलं, त्या हसल्या नाहीत. "उद्या सकाळपर्यंत प्यायली नाही तर रुग्णालयात नळी घालावी लागेल," म्हणाल्या. "आणि तुझ्यात आता काही उरलेलं दिसत नाही."

मास्तर उभे राहिले. गाडीची किल्ली त्यांच्या हातात होती. "मी नेतो तिला," ते म्हणाले. कुठे, ते बोलले नाहीत.

"तुम्ही झोपाल," मी म्हटलं. "द्या इकडे."

दोनला पाच मिनिटं होती. त्या दिवशी बाजारात गाडी एकदाही बंद पडली नाही. फाटकाशी क्लच खाली गेला, ब्रेक खाली गेला, मूठ वाजली, स्प्रिंग कुरकुरली. मागे टोपलीत मुंगीने मान वळवली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"थांबा," मी म्हटलं.

मी कुणाशी बोलत होते? डावीकडे रेक्झिनची सीट होती, मधोमध खोलगट दबलेली. मी तिच्याकडे बघत बोलले.

"बाई, माझी मुलगी आहे. तुम्ही जगवलीत, नाही म्हणत नाही. पण आज मला बसू द्या."

मी उतरले, मुंगीला घेतलं, फेरा मारून डावीकडे गेले आणि दार उघडलं. सीट तशीच दबलेली. मी तिच्यावर बसले.

कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या जागेसारखी ती ऊबदार होती. फक्त, कुणी उठून गेलं नव्हतं. माझी पाठ टेकली ती सीटला नाही, मऊ कशाला तरी टेकली, आणि ते वर-खाली होत होतं. दोन श्वासांनी माझा श्वास त्याच्या तालाला लागला. मी मुंगीला छातीशी घेतलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, आणि तोंड लावलं.

कुणीतरी माझा कोपर हलकेच वर उचलला. मी तिला फार खाली धरत होते, ते तेव्हा कळलं. मग छातीत टाचण्या टोचल्यासारखं झालं आणि पान्हा फुटला, नर्सबाई म्हणाल्या होत्या की आता काही उरलं नाही, तरीही फुटला. मुंगी घटाघटा प्यायली. त्या दिवशी ती कुणाचं दूध प्यायली ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. मास्तर किल्ली स्वतःच माझ्या हातात द्यायचे आणि दारातून बघत राहायचे. रोज दोनला फाटकाशी त्या सीटवर बसून मी पाजायची. लोक म्हणतील, अशी कशी गेलीस? पोर जगत होतं. एवढंच बघायचं असतं.

पण मी साधीसुधी नव्हते. मी मास्तरांची शिकाऊ होते, हळूहळू कसं सरकायचं ते मला ठाऊक होतं. दर आठवड्याला मी फाटकाशी पाच मिनिटं कमी थांबायची आणि उरलेलं दूध टाकीपाशी, गाडी चालू ठेवून पाजायची. मग बाजाराच्या कोपऱ्यावर. मग आमच्या दारासमोर, गाडीतच, त्याच सीटवर, कोपर त्याच उंचीवर धरून. एकदा मी ती सीट सोडवून मागच्या खोलीत नेली, खिडकीपाशी भिंतीला टेकवली आणि तिच्यावर बसून पाजलं. मुंगीने इकडेतिकडे बघितलं. मग प्यायली. मग एक दिवस पलंगावर प्यायली. माझ्या डोळ्यांत बघून.

ती साडेपाच महिन्यांची होती. सीट मी परत गाडीत बसवून घेतली आणि मास्तरांना सांगितलं, "उद्यापासून फेरी बंद. मुंगी या गाडीत बसणार नाही."

"कधीच?"

"तुम्ही दुसरी गाडी घ्याल तेव्हा बघू."

फेरीची वेळ मोकळी झाली तशी मास्तरांनी दोनला एक शिकवणी घेतली; चार दिवसांनी ते ती संपवून आले. धुवायच्या कपड्यांत मी त्यांचा शर्ट उचलला तर तो पाठीकडून ओला. घामाचा सगळीकडे पसरलेला ओलेपणा नव्हे. खांद्याच्या फऱ्यांखाली दोन गोल डाग, वाटीएवढे, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. बाकी शर्ट कोरडा.

"घाम," मास्तर म्हणाले. "सीट तापते." त्यांचे कान लाल झाले.

वन्संनी शर्ट नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "गिरणीच्या रस्त्याला गेला होतास?"

"शिकाऊंना दुसरीकडे कुठे नेऊ?"

ते आत गेल्यावर वन्सं माझ्याजवळ आल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "अगं, तुला ठाऊक आहे ते कसं दुखतं. भोंगा झाला की भरून येतं, आणि घ्यायला कुणी नाही. एकदा जाऊन ये. दहा मिनिटं. मुंगीला काही होणार नाही, तू बरोबर असशील."

मला ठाऊक होतं. गाठी कशा होतात, कूस बदलता येत नाही, कापड लागलं तरी जीव जातो, सगळं ठाऊक होतं. त्या बाईने माझा कोपर उचलला होता, तेही ठाऊक होतं. पलंगावर मुंगी पालथी पडायचा खटाटोप करत होती. तिने मान उचलली, मला बघून हसली, तोंडातून लाळ गळाली.

"नाही," मी म्हटलं.

"बिचारी गं."

"असू दे बिचारी. मुलगी एकच आहे."

वन्सं पुन्हा यंत्रावर जाऊन बसल्या. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

शर्ट रोज तसाच यायचा. कधी डाग मोठे, कधी त्यांत रक्ताची पुसट छटा. मी ते गरम पाण्यात भिजवायची, साबण लावून चोळायची आणि मागच्या दारी वाळत घालायची. पावणेदोन झाले की मुंगीला घेऊन मी गाडीपासून लांबच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. मास्तर निघताना गाडी थोडा वेळ दारात नुसतीच सुरू असायची. मुंगी आवाजाकडे मान वळवायची. मी तिला पाजायला घ्यायची.

विसाव्या दिवसानंतर डाग लहान व्हायला लागले. मग नाण्याएवढे. मग नुसते पिवळट कडेचे, ओले नसलेले.

सव्विसाव्या दिवशी शर्ट कोरडा आला. तरी मी तो धुतला.